मालिकेतली माणसे काम काय करतात? : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळाने या वर्षी मराठी मालिका हा विषय हाती घेतला आहे. प्रत्येकाने एक सूत्र निवडून टिपणे काढावीत आणि मार्चअखेर ती मंडळापुढे मांडावीत, असे ठरले. कोणी शीर्षकगीते घेतली, कोणी बोलीभाषा, कोणी ऐतिहासिक मालिकांतील वेशभूषा. माझा प्रश्न साधा आहे. मालिकेतील माणसे पोटापाण्यासाठी काय करतात, ते काम पडद्यावर दिसते का, आणि वर्षभराने कथेला त्या कामाची आठवण उरते का?

या प्रश्नामागे माझे एक ठाम मत आहे आणि ते आधीच नोंदवून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी त्यावर घासून पाहता येतील. मालिका बिघडली असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तिच्यातील पात्रांचे काम नाहीसे झालेले असते. काम गेले की माणसाला दिवसभर करायला काही उरत नाही, आणि मग लेखकाला त्या रिकाम्या दिवसात कारस्थान भरावे लागते. दारामागून ऐकणे, दुधात काहीतरी मिसळणे, कागदपत्रे बदलणे हे सगळे रिकाम्या हातांचे उद्योग आहेत.

वहीत रकाने आखले: पात्र, त्याचे काम, सुरुवातीला ते दिसते का, पुढे दिसते का, पगाराचा किंवा पैशांचा उल्लेख होतो का.

१२ जानेवारी

सुरुवात दूरदर्शनपासून केली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका आली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ज्यांनी तेव्हा पाहिला, त्यांच्या बोलण्यात तो अजूनही येतो. चिमणराव कारकून आहे आणि त्याच्या जवळपास सगळ्या फजितीचे मूळ तिथेच आहे. बेताची मिळकत, मोठा गोतावळा आणि साहेबाचा धाक या तिन्हींमधून विनोद निघतो. त्याची नोकरी काढून घेतली, तर गोष्टच उरणार नाही.

हिंदीतील ‘हम लोग’ची नोंदही इथेच करते, कारण ती मराठी घरांनीही तितक्याच आस्थेने पाहिली. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली, मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका मेक्सिकोतील समाजप्रबोधनपर मालिकांच्या नमुन्यावर बेतलेली होती, आणि कुटुंबनियोजनाचा प्रसार हा तिच्या हेतूंपैकी एक होता. प्रबोधन बाजूला ठेवले तरी एक गोष्ट लक्षात येते: त्या घरातील प्रत्येक मुलाला काहीतरी व्हायचे आहे. लल्लू नोकरीच्या शोधात वणवणतो, मझलीला सिनेमाची ओढ आहे, नन्हेला क्रिकेट खेळायचे आहे, छुटकीला डॉक्टर व्हायचे आहे. पात्रांची ओळखच त्यांच्या कामाच्या ओढीतून होते.

‘दामिनी’मधील प्रतीक्षा लोणकरांची नायिका पत्रकार होती. दूरदर्शनवर रोज भेटणारी मराठी नायिका बातमीच्या मागे जाणारी असावी, ही त्या काळच्या प्रेक्षकांना सहज पटलेली गोष्ट होती, हे आज मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

१९ जानेवारी

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चे भाग पुन्हा पाहत आहे. प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून केदार शिंदे यांनी केलेली ही मालिका २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली आणि आठवड्यातून एकदाच दिसत असे. आबा निवृत्त, त्यांचा मुलगा शेखर नोकरदार, सून श्यामला घर सांभाळणारी, नातवंडे शलाका आणि शिऱ्या. दिवसभर घरात काय घडले ते आबा रोजनिशीत लिहितात, आणि त्यांच्या त्या लिहिण्यातून भागाला आकार येतो.

मला या मालिकेत जे मोठे वाटते ते हे की तिच्यात खलनायक नाही, आणि तरीही एकही भाग पोकळ वाटत नाही. महिन्याचा खर्च, मुलांची परीक्षा, पाहुणे, शेजारी, ऑफिसातून वैतागून आलेला माणूस एवढ्या भांडवलावर राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांनी एक आख्खा संसार उभा केला. शेखर घरात शिरतो तेव्हा तो कुठूनतरी आलेला असतो. त्याच्या चालण्यात, पहिल्या वाक्यातल्या चिडचिडीत बाहेरचा दिवस दिसतो. अलीकडच्या मालिकांतील पुरुष संध्याकाळी घरात येतात तेव्हा ते फक्त दारातून येतात. त्यांच्या अंगावर दिवस नसतो. हा फरक अभिनयाचा आहेच, पण त्याआधी तो लेखनाचा आहे, कारण दिवस कोणीतरी लिहिलेला असेल तरच नट तो अंगावर घेऊन येऊ शकतो.

आठवड्यातून एक भाग असल्याचा फायदा इथे उघड आहे. एका भागाला एक गोष्ट पुरत होती आणि ती गोष्ट आपल्या घरातून उचलता येत होती.

२७ जानेवारी

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली, आणि मराठी प्रेक्षकाला घरबसल्या निवड करता येऊ लागली. ‘आभाळमाया’ ही त्या पहिल्या लाटेतली मालिका. विनय आपटे यांचे दिग्दर्शन, सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी आणि मनोज जोशी यांचा शरद. नवऱ्याच्या विवाहबाह्य संबंधाची ही कथा असूनही ती रडगाणे झाली नाही, आणि त्याचे श्रेय मी सुधाच्या नोकरीला देते. ती प्राध्यापिका आहे. घर ढवळून निघाले तरी तिला दुसऱ्या दिवशी वर्गावर जायचे असते, आणि दोन मुलींना वाढवायला लागणारा पगार तिच्या हातात असतो. तिच्या निर्णयांना जे वजन आहे ते या पायावर उभे आहे. त्या वेळी आमच्या बँकेच्या शाखेत दुपारच्या डब्याला सुधाने काय करावे यावर जी चर्चा चाले, ती एखाद्या ओळखीच्या सहकारी बाईबद्दल चालावी तशी चाले.

ई टीव्हीवर तीन हजारांहून अधिक भाग चाललेली ‘चार दिवस सासूचे’ मी या प्रकल्पात तपशिलाने घेणार नाही. रोहिणी हट्टंगडींसारख्या अभिनेत्रीचे सामर्थ्य तिच्यात दिसते, परंतु इतक्या लांबीच्या मालिकेचे टिपण हा स्वतंत्र प्रकल्प होईल.

४ फेब्रुवारी

आज ‘होणार सून मी ह्या घरची’. झी मराठीवर २०१३ ते २०१६ या काळात ही मालिका विलक्षण लोकप्रिय होती. तेजश्री प्रधानची जान्हवी बँकेत नोकरी करते आणि शशांक केतकरचा श्री ‘गोखले गृह उद्योग’ चालवतो. दोघांचीही कामे मराठी मध्यमवर्गाच्या अगदी ओळखीची असल्यामुळे माझ्या रकान्यांसाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडले नसते.

मी स्वतः बँकेत नोकरी केली असल्याने जान्हवीकडे माझे लक्ष जास्त होते. बँकेतील दिवसाला एक नाट्य असते. सकाळी तिजोरी उघडताना दोघांच्या किल्ल्या लागतात, एकट्याला ती उघडता येत नाही. पेन्शनच्या दिवशी दार उघडण्याआधीच रांग लागलेली असते. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर कोणी घरी जात नाही: नोटांचे गठ्ठे पुन्हा मोजले जातात, व्हाउचर एकेक करून तपासली जातात, शंभराच्या जागी पाचशेची नोट कोणाला गेली हे आठवण्याचा प्रयत्न होतो, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याकडे कोणी पाहत नाही, कारण उद्या ती आपल्या हातून होणार असते. फरक सापडला नाही तर रक्कम त्या कर्मचाऱ्याला भरावी लागते. लग्न ठरलेल्या, घरी पगार देणाऱ्या मुलीच्या आयुष्यात अशी एक संध्याकाळ आली तर तिच्यावर किती भाग उभे राहिले असते!

मालिकेच्या सुरुवातीला जान्हवी ही घरचा आधार असलेली कमावती मुलगी होती आणि तिच्या पगारावर डोळा ठेवणारी सावत्र आई होती. तिथवर कथेला खरा पीळ होता. लग्नानंतर गोखल्यांच्या घरातील सहा बायका आणि एक सून हा आरंभी नवा आणि प्रसन्न वाटणारा मांडणीचा भाग आला, पण बँक हळूहळू मागे पडली. पुढे स्मृतिभ्रंश आला, आणि गरोदरपण तर इतके लांबले की त्यावर महाराष्ट्रभर बोलले गेले. माझ्या वहीतील पहिला रकाना भरलेला आहे आणि शेवटचे दोन जवळजवळ कोरे आहेत.

९ फेब्रुवारी

असे का होते, याची कारणे लेखकाच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल, म्हणून निर्मितीची बाजूही लिहून ठेवते.

रोजच्या मालिकेला आठवड्याचे सहा, कधीकधी सातही भाग द्यावे लागतात. म्हणजे चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवशी साधारण एक भाग पुरा व्हायला हवा. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांप्रमाणे तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिराती दाखवता येतात, त्यातील दहा व्यावसायिक आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या. त्यामुळे अर्ध्या तासाच्या वेळेत कथेला बावीस-चोवीस मिनिटे मिळतात. ती रोज भरायची असतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी विभागणी असते आणि संवाद कित्येकदा चित्रीकरणाच्या दिवशीच सेटवर पोहोचतात. गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला किंवा घोडबंदर रस्त्यावर जो सेट लागलेला असतो तो घराचा असतो. दिवाणखाना, जिना, देवघर, स्वयंपाकघर आणि दोन शयनकक्ष एवढ्यात युनिट हलवावे लागत नाही. बँक, शाळा, कारखाना किंवा कोर्ट दाखवायचे म्हटले की दुसरी जागा, गर्दीचे कलाकार, परवानगी आणि वाया जाणारा वेळ आला. त्यात प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बीएआरसी या संस्थेचे आकडे दर गुरुवारी हाती येतात आणि ज्या प्रसंगाने आकडा वर गेला तसेच प्रसंग पुन्हा मागितले जातात.

याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. मालिकेतले ऑफिस म्हणजे काचेचे एक दार, आपल्याकडे पाठ करून ठेवलेला लॅपटॉप, एक लाल फाइल आणि ‘सर, क्लायंट आलेत’ एवढे सांगून निघून जाणारा एक सहायक. स्वयंपाकघरात कोथिंबीर आधीच चिरलेली असते. चहाचा ट्रे घेऊन सून दिवाणखान्यात येते तेव्हा तिच्या मनगटावर भार दिसत नाही, कारण कप रिकामे असतात, आणि ज्याच्या हातात कप जातो तो ओठांना लावून लगेच बोलू लागतो. गरम चहा प्यायलेला माणूस असा बोलत नाही. कपात खरोखर चहा ओतायला काहीच खर्च येत नाही, म्हणून ही एक उणीव मला माफ करता येत नाही.

१७ फेब्रुवारी

‘उंच माझा झोका’ने मला सर्वांत जास्त आनंद दिला. २०१२-१३ मध्ये झी मराठीवर आलेली, विरेन प्रधान यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका रमाबाई रानडे यांच्या जीवनावर आहे. लहान रमा तेजश्री वालावलकरने केली, मोठी स्पृहा जोशीने आणि न्यायमूर्ती रानडे यांची भूमिका विक्रम गायकवाड यांनी.

रमाबाईंचे लग्न १८७३ मध्ये झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. पती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना शिकवायला घेतले आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्या शिकण्याला कडवा विरोध केला. हे सारे रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. आजच्या वाहिनीवर एखाद्याने सुचवले असते की एका मुलीने अक्षरे गिरवणे हा कथेचा गाभा असेल, तर ते ऐकून घेतले गेले असते की नाही याची मला शंका आहे. पण इथे शिकणे हेच काम आहे आणि ते दिसते. पाटी आहे, चुकलेले अक्षर आहे, दिवसभराच्या घरकामानंतर पेंगुळलेले डोळे आहेत, आणि उद्या पुन्हा टोमणे ऐकायचे आहेत हे ठाऊक असूनही पुढचा धडा घ्यायचा आहे. सासुरवासाचे प्रसंग या मालिकेतही भरपूर आहेत, परंतु ते कशाच्या तरी आड येतात. रमाला काहीतरी गाठायचे आहे म्हणून तिचा छळ आपल्याला अस्वस्थ करतो. गाठायचे काहीच नसलेल्या नायिकेचा छळ नुसता पाहवत नाही.

ही मालिका वर्ष-सव्वा वर्षात संपली. सतीश राजवाडे यांची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ही २०१२ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपली, आणि मुक्ता बर्वे व स्वप्निल जोशी यांची राधा आणि घना ही नोकरी करणारी जोडी आजही प्रेक्षकांच्या मनात ताजी आहे. शेवट ठाऊक असलेल्या मालिकेत काम टिकते, असे दोन्ही रकाने सांगतात.

२४ फेब्रुवारी

गावातल्या मालिका. ‘तुझ्यात जीव रंगला’मधील हार्दिक जोशीचा राणा शेतकरी आणि पैलवान, अक्षया देवधरच्या पाठक बाई शिक्षिका. ‘लागिरं झालं जी’मधील नितीश चव्हाणच्या अजिंक्यला सैन्यात जायचे आहे. कोल्हापूर आणि सातारा इथल्या तालमी, शाळा आणि भरतीची स्वप्ने या मालिकांनी घराघरांत नेली आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. साताऱ्याकडच्या कित्येक घरांत एक तरी मुलगा फौजेत असतो. त्या घरांना आपली बोली आणि आपली वाट पाहणे पडद्यावर प्रथमच इतके जवळून दिसले. पुढे दोन्ही मालिका वाढवल्या गेल्या, आणि तालीम व शाळा यांची जागा घरातल्या डावपेचांनी घेतली.

३ मार्च

‘आई कुठे काय करते!’ हा या प्रकल्पातील सर्वांत कठीण भाग आहे, कारण इथे घरकाम हाच विषय आहे. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही मालिका गेल्या नोव्हेंबरअखेर संपली. मूळ कथा बंगाली ‘श्रीमोयी’ची, आणि त्याच कथेवरून पुढे हिंदीत ‘अनुपमा’ झाली. हिंदीत नायिकेकडे नृत्य आहे, मराठीत मधुराणी प्रभुलकरांच्या अरुंधतीकडे गाणे आहे. मला ही निवड अतिशय योग्य वाटते. लग्नाआधी गाण्याच्या क्लासला जाणारी आणि लग्नानंतर फक्त मंगळागौरीला गाणारी बाई आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहे.

सुरुवातीच्या भागांत अरुंधतीचे काम दिसते. सगळ्यांच्या वेळा, औषधे, डबे तिच्या डोक्यात असतात, तिचे स्वतःचे जेवण सर्वांत शेवटी होते, आणि मिलिंद गवळींचा अनिरुद्ध हे सारे गृहीत धरून तिला काही कळत नाही असे चारचौघांत बोलतो. तो कोणाला मारत नाही, ओरडतोही क्वचित, आणि तरीही त्याचे वागणे पाहताना माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका गप्प झाल्या. घटस्फोटानंतर अरुंधती घराबाहेर पडते, कमावू लागते, गाते, हा टप्पा मराठी मालिकांच्या इतिहासात महत्त्वाचा मानायला हवा. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला नव्याने कामाला लागताना रोज इतक्या लोकांनी पाहणे ही लहान गोष्ट नाही. त्यानंतरच्या काळात मात्र मुलांचे संसार मोडणे आणि जुळणे यात तिचे गाणे बुजून गेले, आणि गाणारी अरुंधती पुन्हा सगळ्यांचे तंटे सोडवणारी आई झाली.

याच रांगेत ‘माझ्या नवऱ्याची बायको’ येते. अनिता दातेची राधिका वऱ्हाडी बोलणारी, मसाल्यांचा व्यवसाय उभारणारी. व्यवसायाची कल्पना उत्तम होती. महाराष्ट्रात बचत गटांतून मसाला, पापड, लोणची विकणाऱ्या असंख्य बायका आहेत. पण धंदा वाढतो कसा, हे दाखवण्याऐवजी तो वाढला असे सांगितले गेले आणि कंपनी तीनशे कोटींवर गेली. मिरची कोठून घेतली, कांडप कोणाकडे केले, पहिला दुकानदार उधारीवर माल घेऊन पैसे द्यायला किती टाळाटाळ करत होता, हे दाखवले असते तर राधिकेचा विजय प्रेक्षकांना स्वतःचा वाटला असता.

११ मार्च

नणंदबाई आल्या होत्या. त्या परिचारिका होत्या आणि ‘ठरलं तर मग’ एकही दिवस चुकवत नाहीत. माझी वही त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, “वहिनी, दिवसभर काम करून आलेल्या बाईला पुन्हा काम कशाला दाखवायचं? तिला रात्री साडेआठला कामापासूनच तर सुटका हवी असते.”

हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. थकलेल्या माणसाचा विरंगुळा ही कमी दर्जाची गरज नाही. मी त्यांना विचारले की या मालिकेत त्यांना काय बांधून ठेवते. त्यांनी पटकन सांगितले: जुई गडकरीची सायली आणि अमित भानुशालीचा अर्जुन यांची जोडी, आणि दुसरे म्हणजे मधुभाऊंची केस. २०२२ च्या डिसेंबरपासून चाललेली ही मालिका तमिळ ‘रोजा’वर बेतलेली आहे. अर्जुन वकील आहे आणि वात्सल्य आश्रमातील खुनाचा खोटा आरोप असलेल्या मधुभाऊंना सोडवणे हा कथेचा कणा आहे. म्हणजे नणंदबाईंना धरून ठेवणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक अर्जुनचे काम आहे. कोर्टातले बारकावे वास्तवाला धरून आहेत असे मी म्हणणार नाही, पण पात्राला सकाळी उठून काहीतरी सिद्ध करायचे आहे, आणि एवढ्याने मालिकेला चाल मिळते.

नणंदबाई निघताना एक मोलाची गोष्ट सांगून गेल्या. मालिकेतल्या इस्पितळात सलाइन लावलेले असते, पण ते कोणी बदलत नाही, रुग्णाला कुशीवर वळवत नाही, आणि नर्स फक्त ‘डॉक्टर, पेशंटला शुद्ध आलीय’ हे सांगायला येते. हे त्यांच्या नावाने टिपणात घेईन, त्यांनी परवानगी दिली आहे.

१८ मार्च

टिपण लिहायला घेतले आणि वहीत एक रकाना नव्याने आखावा लागला. इतक्या मालिका पाहताना एक व्यक्ती जवळपास प्रत्येक श्रीमंत घरात दिसली आणि मी तिची नोंद पात्रांच्या यादीत केलीच नव्हती, कारण बहुतेक ठिकाणी तिला आडनावही दिलेले नाही. घरकाम करणारी मावशी किंवा गडी. मालिकेत खरोखर काम करताना दिसणारे तेच आहेत: केर काढतात, भाजी निवडतात, दार उघडतात. पण त्यांना पगार किती, महिन्याच्या कोणत्या तारखेला मिळतो, त्या राहतात कुठे, त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, यातले काहीही कळत नाही. मालकिणीचे दुःख ऐकणे आणि कारस्थानाचा सुगावा लागणे एवढ्यासाठी त्यांना संवाद मिळतात.

माझ्याकडे येणाऱ्या मावशींना मी विचारले. त्या म्हणाल्या, “ताई, ते टीव्हीतले कधी सुट्टी मागत नाहीत बघा.” हे वाक्य मंडळापुढे जसेच्या तसे वाचणार आहे. मार्चअखेरचे टिपण आतापर्यंतच्या मालिकांवर राहील, आणि मावशींच्या रकान्यासाठी मंडळाकडे आणखी तीन महिने मागणार आहे. ‘टिपरे’पासून पुन्हा सुरुवात करीन, या वेळी फक्त दार कोण उघडते ते पाहत.